धरणाच्या खर्चाची फोड मांडा



केळी लावायची झाली तर आपण एकरी आकडा सांगून थांबत नाही. नांगरट, रोपे, ठिबक, खते, निंदणी, घडकापणी अशी फोड करतो. ठिबकमध्येही नळ्या वेगळ्या, फिल्टर वेगळा, मोटार वेगळी. मधेच पैसे संपले तर कोठे जास्त गेले ते बोट ठेवून सांगता येते. कापसाच्या भावासाठी भांडतानाही आपण उत्पादनखर्च कलमवारच मांडतो.

मोठ्या कामांचे शास्त्र यापेक्षा वेगळे नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६८ साली या कामाच्या फोडीचा नियमच केला. पूर्ण कामाचे भाग, भागांचे पोटभाग. सगळ्यांची बेरीज म्हणजे पूर्ण काम. फोडीत नाही ते कामात नाही.

आता तापीकाठी या. अमळनेर तालुक्यात पाडळसरे येथे निम्न तापी प्रकल्प. नव्वदीच्या दशकाअखेर त्याची किंमत होती सुमारे १४२ कोटी. २०२३ च्या सुधारित मान्यतेत ती ४,८९० कोटींवर गेली. मध्ये २०१२ साली सिंचनाची श्वेतपत्रिका निघाली, २०१४ साली चितळे समितीचा अहवाल आला. पाण्याची वाट पाहत अमळनेर-शिंदखेड्याची एक पिढी म्हातारी झाली.

साहेब म्हणतील, अंदाजपत्रकात कलमे असतातच. असतात, पण ती मातीची आणि काँक्रीटची, घनमीटरमध्ये. आम्हाला फोड हवी ती पुऱ्या होणाऱ्या भागांची: पाया, सांडवा, दरवाजे, घळभरणी, भूसंपादन, गाववार पुनर्वसन, उपसा योजना, शेतापर्यंतची वितरिका. कारण भिंत नव्वद टक्के झाली तरी शेतात पाणी शून्य टक्केच असते.

प्रत्येक भागापुढे चार रकाने हवेत: मंजूर रक्कम, झालेला खर्च, झालेले काम, जबाबदार अधिकारी. एखाद्या भागाचा निम्मा पैसा गेला आणि काम पावच झाले, तर तेथेच धोक्याची घंटा वाजते; सुधारित मान्यतेची वाट पाहावी लागत नाही. मागाहून वाढवलेले काम 'भाववाढ' या नावाखाली लपत नाही, त्याला स्वतंत्र ओळ द्यावी लागते. भूसंपादन रखडले म्हणून किंमत वाढली की सिमेंट महागले म्हणून, हेही उघड होते.

आमचे म्हणणे एवढेच: जळगाव व धुळे जिल्ह्यांतील प्रत्येक अपुऱ्या प्रकल्पाची अशी फोड दर सहा महिन्यांनी प्रकल्पस्थळी आणि लाभक्षेत्रातील प्रत्येक ग्रामपंचायतीत फलकावर लागली पाहिजे. २००५ च्या कायद्याने माहितीचा अधिकार दिला आहेच. तालुक्याच्या बैठकीत ठराव करा, अर्ज टाका.

धरण आम्हाला हवेच आहे. म्हणूनच त्याचा हिशोब हवा आहे.