मोडीचा भाव

बदलीचा हुकूम हाती पडला की आपल्या मंडळींस सामान हलके करण्याची घाई होते, आणि त्या घाईत आजीची रुपयांची माळ सराफाच्या तराजूत जाऊन पडते. तो घट धरतो, कड्यांचा डाख वजा करतो आणि 'मोड' म्हणून आकडा सांगतो. कचेरीत टिपणातील अल्पविरामावर अडून बसणारे आपण तेथे मुकाट्याने मान डोलावतो!

निदान नाणी तरी वाचावीत. 1835 पासूनचा कंपनीचा व पुढे राणीचा रुपया वजनाने 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा. त्यात बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. 1940 मध्ये कस निम्म्यावर आला आणि 1947 चा रुपया तर निकेलचा. एकाच माळेत हे तिन्ही निघू शकतात. सर्वांस सरसकट एकच घट लावणे हा हिशेब नव्हे, लूट आहे. व्हिक्टोरियाच्या रुपयावर 'क्वीन' असेल तर साल 1877 पूर्वीचे, 'एम्प्रेस' असेल तर त्या सालापासूनचे. एवढे चष्मा लावून कोणासही कळेल.

नाणेसंग्राहक म्हणतात, कडी जोडली की नाणे बाद. त्यांच्या पेटीपुरते ते खरे. पण कडी बसली त्या दिवशी रुपयाने बाजार सोडला. आता त्याचे मोल दागिना म्हणूनच व्हावे. चांदीचा भाव हा त्या मोलाचा तळ, माथा नव्हे.

आणि माळ कोणाची? ती बहुधा घरातील स्त्रीची असते. तिला विचारल्यावाचूनच ती सराफ्यात पोहोचते. मीही आमच्या माळेचे सात रुपये असेच मोडले. त्यांवरील साल वाचले नव्हते, आईला विचारलेही नव्हते.