बत्तिसावा घास

सांगलीच्या पेठेत हळदीचे आणि गुळाचे सौदे ऐन भरात असतात, त्या दिवसांत व्यापाऱ्याच्या जेवणाला वेळ राहत नाही. दुपारचा डबा पेढीवरच थंड होतो. हिशेबाचा मेळ बसेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. मग भूक आणि थकवा एकत्रच पाटावर बसतात. दिवसभर तोळामासा पाहणाऱ्या माणसाचे माप नेमके स्वतःच्या ताटापाशी चुकते.

चीनमधील ताओ परंपरेने या चुकीचा सूक्ष्म विचार केला आहे. भांडे काठोकाठ भरण्यापेक्षा वेळीच थांबावे, अतिस्वादाने जिभेची चवच बोथट होते, असा ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन ग्रंथाचा अभिप्राय आहे. काही ताओ साधक तर दीर्घायुष्यासाठी धान्यच वर्ज्य करीत.

जैन घराला हा विचार परका नाही. सहा बाह्य तपांत अनशनानंतर लगेच अवमौदर्य येते. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा मानून त्यातील एक घास कमी घेणे, हेही तप गणले आहे. चौथे तप रसपरित्यागाचे. गुळाच्या व्यापाऱ्याने आठवड्यातून एक दिवस गूळ सोडला, तर तोही त्याच वाटेवरचा असतो. उपवासाच्या दिवशी ताट समोर नसते. अवमौदर्यात ते भरलेले असूनही हात थांबवायचा असतो. म्हणूनच हे तप दिसते सोपे, पण असते कठीण.

दोन्ही परंपरांचे गंतव्य मात्र वेगळे. ताओ साधकाची दृष्टी आयुष्यावर, जैन साधकाची कर्मनिर्जरेवर. आरोग्य हा येथे आनुषंगिक लाभ होय. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र उपवासाआधी डॉक्टरांचा सल्ला घेणेच विवेकाचे. देहाची हेळसांड म्हणजे तप नव्हे.

ज्याच्याकडे अधिक आहे त्याच्याकडून घेऊन उणे असलेल्याला देणे हा निसर्गाचा मार्ग, असेही तो चिनी ग्रंथ सुचवितो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हा मार्ग प्रत्यक्षात आणला. कुंभोजच्या जैन घरात जन्मलेल्या भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले आणि सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसविले. घरोघरच्या मूठभर धान्यावर मुले शिकली. संस्थेच्या चुलीसाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले.

बत्तिसावा घास सोडल्याने शरीर हलके होते. तोच घास दुसऱ्याच्या ताटात पडला, म्हणजे तपाला दानाची जोड मिळते.