जवळच तर जावयाचें आहे!

शाळा सुटल्याची घंटा झाली कीं फाटकाबाहेर मोटारसायकलींची रांग लागते. कित्येक गाड्यांच्या आरशाला हेल्मेट लटकत असतें. चालविणाऱ्याचें व मागें बसणाऱ्या विद्यार्थ्याचें मस्तक मात्र उघडें! कारण विचारावें तर ठराविक उत्तर मिळतें, "जवळच तर जावयाचें आहे." या उत्तरांतील चूक दाखवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

गाडीवरून पडणाऱ्याचें डोकें सुमारें दीड मीटर उंचीवरून खालीं येतें. रस्ता पुसदचा असो, दारव्ह्याचा असो, कीं दिग्रसच्या बाजारांतला असो, ही उंची तीच. गाडी उभी असली तरी जमिनीवर आदळतांना डोक्याचा वेग ताशीं सुमारें २० किलोमीटर होतो. हा वेग किती अंतरांत थांबतो, यावर सारें अवलंबून आहे. डांबर दबत नाहीं. डोकें अर्ध्या सेंटिमीटरांत थांबलें असें धरूं. उंचीला त्या अंतरानें भागिलें, तर गुरुत्वत्वरणाच्या ३०० पट धक्का निघतो. हेल्मेटचें अस्तर दबून तेंच थांबणें अडीच सेंटिमीटरांत झालें, तर धक्का ६० पटींवर येतो. कवटी फुटणें न फुटणें पुष्कळदां या दोन सेंटिमीटरांवर ठरतें.

कवटी शाबूत राहिली तरी भय संपत नाहीं. डोकें एकाएकीं गर्रकन् फिरलें, तर आंतील मऊ मेंदू मागें राहून ताणला जातो. ऑक्सफर्ड येथील होलबर्न या शास्त्रज्ञानें १९४३ सालीं जिलेटिनच्या नमुन्यांवर हें दाखविलें. हेल्मेट हें फिरणें पुरतें थांबवीत नाहीं. म्हणून वेगही आवरावयास हवा.

टी. ई. लॉरेन्स हे १९३५ सालीं मोटारसायकलवरून पडून मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकीं शस्त्रवैद्य ह्यू केर्न्स यांनीं १९४१ सालीं लष्करी मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध करून हेल्मेटची आवश्यकता मांडली. आज आपल्या मोटार वाहन कायद्याचें १२९ वें कलम चार वर्षांवरील प्रत्येक स्वारास, मागें बसणाऱ्यासही, तें बंधनकारक करतें.

वऱ्हाडच्या उन्हांत हेल्मेटखालीं घाम येतो, हें खरें. परंतु घाम पुसतां येतो. दुखावलेला मेंदू पूर्ववत् होईलच, असें कोणताही वैद्य सांगूं शकत नाहीं. मोबाइलसाठीं हट्ट धरणाऱ्या विद्यार्थिमित्रांनो, एकदां हा हट्ट धरा: "बाबा, तुमचें आरशावरचें डोक्यावर घाला, आणि माझ्यासाठींही एक आणा." पट्टा बांधल्यावांचून मात्र गाडीवर बसूं नका.