बेवारस वास्तूचा वाली कोण?

भंडाऱ्यास बसून मुंबईच्या जुन्या हॉटेलांची चिंता वाहणें कित्येकांस उपद्व्याप वाटेल. परंतु जुन्या वास्तूंस आपल्याकडे न्याय कसा मिळतो, हें त्या शहरांतील दोन हॉटेलांच्या कहाणीइतकें स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

ताजमहाल हॉटेल १९०३ सालीं उघडलें. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यांत त्याचा जुना भाग आगीनें होरपळला. तरी १५ ऑगस्ट २०१० रोजीं तो पुन्हा पाहुण्यांस खुला झाला. वॉटसनचें हॉटेल त्याहून जुनें, १८७१ चें. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडांत घडवून, सुट्या भागांनीं जहाजांतून आणून काळाघोड्याजवळ उभारला. ल्यूमिएर बंधूंचीं चलच्चित्रें हिंदुस्थानांत प्रथम दाखविलीं गेलीं तीं येथेंच, ७ जुलै १८९६ रोजीं. या वास्तूचा कांहीं भाग २००५ सालीं कोसळला. २०१९ सालीं मुंबईच्या आय. आय. टी. च्या अहवालानें ती पाडण्याची शिफारस केली व ती रिकामी करण्यांत आली.

हा पंक्तिप्रपंच कां? ताजला समर्थ धनी होता. वॉटसनचें हॉटेल बंद पडून तेथें कचेऱ्या व बिऱ्हाडें शिरलीं. १९४७ च्या कायद्यानें मुंबईचीं भाडीं १९४० च्या दरांवर गोठविलेलीं होतीं. अशा स्थितींत मालकास दुरुस्ती परवडत नाहीं आणि भाडेकरूस ती आपली वाटत नाहीं. गंजास मात्र कोणाचीच आडकाठी नसते.

'गोऱ्यांची वास्तु ती. पडली तर पडूं द्या,' असें म्हणणारे देशाभिमानी आहेत. त्यांस आमचा सवाल असा कीं, त्या खेळानंतर सतराच वर्षांनीं, १९१३ सालीं, फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. हा इतिहासहि गोऱ्यांचाच काय? 'लोखंड गंजलें, आतां इलाज नाहीं,' हा दुसरा आक्षेप. जें सुट्या भागांनीं जोडलें, त्याचे भाग एकेक करून बदलतांहि येतात. खर्च पुष्कळ येईल, यांत शंका नाहीं. पण तो वांचविण्यासाठीं वास्तु पाडणें म्हणजे औषधाच्या पैशासाठीं रोग्यासच मारणें होय.

आमच्या पवनीच्या तटांत किंवा तुमसराकडील आंबागडावर पाहुणे उतरवून कोणी नफा मिळविणार नाहीं. जपणूक नफ्यावरच सोंपविली, तर त्यांचें भवितव्य वॉटसनहून निराळें कसें होणार? म्हणून सरकारनें ही वास्तु ताब्यांत घ्यावी, भाडेकरूंच्या हक्कांचा निकाल लावावा आणि तिची दुरुस्ती स्वतः करावी. मुंबईंत हें होत नसेल, तर आंबागडासाठीं तें होईल अशी आशा आम्ही भंडाऱ्याच्या लोकांनीं कोणत्या आधारावर धरावी?