आई ओळखा, पण कशावरून?

बालवाडीच्या वर्गात, अंगणवाडीच्या भिंतीवर आणि हल्ली मोबाईलच्या पडद्यावरही जो खेळ बिनदिक्कत शिक्षणाच्या खाती जमा धरला जातो, त्या ‘प्राण्यांची आई ओळखा’ या खेळाविरुद्ध तक्रार गुदरण्यास सहसा कोणी धजणार नाही. कारण एका बाजूस गाय, शेळी, घोडी, मेंढी आणि दुसऱ्या बाजूस वासरू, करडू, शिंगरू, कोकरू अशी चित्रे मांडून मुलाने त्यांच्या जोड्या लावाव्यात, यात आक्षेपार्ह ते काय असणार? मुलाच्या बोलण्यात चार नेटक्या शब्दांची भर पडते, हात आणि नजर यांचा मेळ बसतो, आणि बाईंनाही घटकाभर उसंत मिळते. माझा आक्षेप खेळावर नाही. त्यातील चित्रांवर आणि त्या चित्रांमागे मुकाट्याने गृहीत धरलेल्या समजुतीवर आहे.

ती समजूत अशी की, पिल्लू म्हणजे आईचीच लहान आवृत्ती. बाजारात मिळणाऱ्या संचांत तांबड्या गाईसमोर तांबडेच वासरू आणि पांढऱ्या मेंढीसमोर पांढरेच कोकरू असल्यामुळे मुलाने रंगाला रंग जोडला की काम भागते. लाकडी कोड्यांची तर आणखीच गंमत आहे. तेथे दोन तुकड्यांच्या खाचा एकमेकींत बसल्या की मायलेकरांची भेट झाली असे समजावयाचे. चूक साहित्यानेच दाखवून द्यावी, शिक्षकाने बोट उगारू नये, हे माँटेसोरीबाईंचे तत्त्व थोर खरे, आणि लहानमोठ्या मापांच्या दट्ट्यांना ते शोभतेही, कारण तेथे माप हाच धड्याचा विषय असतो. येथे मात्र मूल खाच ओळखावयास शिकते आणि प्राणी बिचारा अनोळखीच राहतो.

वास्तविक सृष्टीने या खेळाची फार चतुर मांडणी करून ठेवली आहे. वेरूळच्या लेण्यांभोवती वावरणाऱ्या वानरांच्या टोळीकडे क्षणभर थांबून पाहिले, तर राखी अंगाच्या आणि काळ्या तोंडाच्या वानरीच्या पोटाला बिलगलेले नुकते जन्मलेले पिल्लू काळपट अंगाचे आणि फिकट तोंडाचे असते. शिवाय ते टोळीतल्या इतर माद्यांकडूनही हौसेने मागून घेतले जात असल्यामुळे, ज्या वानरीपाशी ते या घटकेस आहे तीच त्याची आई, असेही म्हणण्याची सोय नाही. रानडुकरीची पिल्ले पट्टेरी असतात. पहिल्या पावसानंतर डबक्यात वळवळणाऱ्या बेडूकमाशाला पाय नाहीत, आणि त्याच्या आईला शेपटी नाही.

कोकिळेचे प्रकरण तर याहून गुंतागुंतीचे. तिच्या नावाने चित्रपत्त्यांवर जो काळाभोर पक्षी रंगवितात तो मुळी नर. मादी तपकिरी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची. ती आपले अंडे कावळ्याच्या घरट्यात घालून मोकळी होते, आणि पुढे त्या भुकेल्या पिल्लाच्या चोचीत घास घालण्याचे काम कावळ्याचे जोडपे करीत राहते.

आणि खुद्द आई आपले पिल्लू कशावरून ओळखते, हा तर या खेळात कधी प्रश्नच येत नाही. माळावर धनगराचा वाडा उतरलेला असतो, दिवसभर चरून आलेला कळप तिन्हीसांजेला परततो, आणि जाळीत कोंडलेली कोकरे मोकळी सुटतात, तेव्हा शेदोनशे मेंढ्यांच्या आणि तितक्याच कोकरांच्या एकच गलक्यात, जेथे आपल्यासारख्या परक्याला सारी लोकर एकसारखी दिसते तेथे, थोड्याच वेळात प्रत्येक कोकरू आपापल्या आईच्या कासेला लागलेले असते. लांबून आवाजाने ओळख पटते, जवळ आल्यावर वासाने. पिल्लू जन्मताच त्याला चाटता चाटता पहिल्या एकदोन तासांतच मेंढी त्याचा वास पक्का करून ठेवते, आणि परके कोकरू कासेशी आले तर ढुशी मारून त्यास हुसकून लावते. ही परीक्षा चित्रात उतरविणे कठीण, हे मान्य. परंतु जेथे गोठा शाळेच्या हाकेवर आहे, तेथेही छापील मेंढीपुढेच मुलांना बसविण्याचा हट्ट का?

हा विचार काही नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले आणि १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा शिंपले, बिया, पाने, काड्या हेच त्यांचे साहित्य होते. गुरे राखण्यामुळे शाळेस येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली. कोणते वासरू कोणत्या गाईचे, हे त्या मुलांना कोणी शिकवावे लागले नसेल. उलट शिकविणाऱ्यांनीच त्यांच्याकडून चार गोष्टी शिकून घेतल्या असतील, असे मला वाटते.

तूर्त संच बदलण्यास फार खर्च येणार नाही. वानरी आणि तिचे काळे पिल्लू, बेडूक आणि बेडूकमासा, कोकिळेचे पिल्लू आणि त्यासमोर कोकिळा व कावळी अशी दोन्ही चित्रे, एवढ्यांची भर घातली तरी पुष्कळ झाले. एका पिल्लास दोन आया दाखविल्याने मुले गोंधळतील, अशी शंका काही पालक आणि त्यांहून अधिक आवेशाने प्रकाशक घेतील. परंतु बीडकडील ज्या मुलांचे आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि ज्यांना पुढचे कित्येक महिने आजी जेवू घालते, त्यांना या चित्रात गोंधळण्यासारखे काय सापडणार, हे मला कळत नाही. त्यांतल्या एखाद्याने कोकिळेचे पिल्लू कावळीपुढे ठेवले, तर अंगणवाडीताईंनी प्रथम त्याचे कारण विचारावे, आणि तपासणीस आलेल्या मुख्यसेविकेनेही त्या एका रकान्यात बरोबर की चूक असा शेरा मागू नये.