डाउनलोड झाले, गिऱ्हाईक कुठे आहे?

उमरगा तालुक्यातल्या मुरुमसारख्या गावात मृगाचा पाऊस पडला की कृषी सेवा केंद्रांपुढे दुचाक्यांची गर्दी होते. सोयाबीनचे बियाणे, खताची पोती, तणनाशकाचे डबे. माल नेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या खिशात स्मार्टफोन असतो आणि त्यात हाच माल घरपोच देणारे एखादे ॲपही असते. तरी दुकानदाराची वही निघते, नाव मांडले जाते आणि हिशेब होतो तो सोयाबीन विकल्यावर. ऑनलाइन दुकानाचे ॲप काढणाऱ्याची खरी गाठ या वहीशी आहे. त्याला ते बहुधा पैसे खर्च झाल्यावर कळते.

ॲप काढणे आता अवघड राहिलेले नाही. पहिल्या खरेदीवर शंभर रुपये सूट, बिलावर क्यूआर कोड, दिवाळीत थोडी जाहिरात, एवढ्यावर काही हजार डाउनलोड होतात आणि मालक खूश होतो. या धंद्यातले जाणते लोक मात्र वेगळा हिशेब पाहतात. ॲप घेतल्यानंतर पहिल्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी किती जण परत आले, हा तो हिशेब. तिथे आकडा घसरला की ‘नोटिफिकेशन वाढवा’ असा सल्ला मिळतो. सल्ला स्वस्त आहे आणि चुकीचाही. गिऱ्हाईक वारंवार हाका मारून टिकत नाही. दोन खरेद्यांच्या मधल्या काळात ॲप त्याच्या कोणत्या कामाला येते, यावर सगळे ठरते.

भल्याभल्यांना हे महागात पडले आहे. कपडे विकणाऱ्या मिंत्राने 15 मे 2015 रोजी आपले संकेतस्थळ बंद केले. खरेदी करायची तर ॲपवरूनच, असा खाक्या. गिऱ्हाइकाला बांधून ठेवण्याचा हा सर्वात सरळ मार्ग वाटला होता. पण फेब्रुवारी 2016 मध्ये मोबाइलवरचे संकेतस्थळ परत आले आणि जूनमध्ये संगणकावरचेही. मिंत्राची मालक कंपनी फ्लिपकार्टनेही 2015 मध्ये मोबाइल संकेतस्थळ बंद करून पाहिले होते; त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘फ्लिपकार्ट लाइट’ या नावाने तिला ते पुन्हा सुरू करावे लागले. दार एकच ठेवले म्हणून लोक आत येतात असे नाही. काही जण शेजारच्या दुकानात जातात.

शेतीच्या बाजारात याच्या उलट वाटेने गेलेली कंपनी पुण्याची. शार्दूल आणि सीतांशू शेठ या भावांच्या ‘ॲग्रोस्टार’ने सुरुवात ॲपपासून केलीच नाही. शेतकऱ्याने मिस्ड कॉल द्यायचा, कंपनीच्या माणसाने त्याच्या भाषेत उलट फोन करून पीक काय, रोग कोणता हे विचारायचे आणि मग मालाची ऑर्डर घ्यायची, अशी ती पद्धत होती. ॲप आले ते नंतर, आणि त्यातही रोगट पानाचा फोटो टाकून विचारण्याची सोय ठेवलेली होती. पुढे कंपनीने गावोगावी आपल्या नावाची दुकानेही जोडली. म्हणजे फोनवरून ॲपवर आणि ॲपवरून पुन्हा दुकानाच्या फळीवर. शहरात बसून काढलेल्या आराखड्यात हा प्रवास उलटा वाटेल, पण उमरगा तालुक्यात तो सरळच आहे.

कारण इथले पीक-पंचांग. सोयाबीन जून-जुलैत पेरले जाते, दसऱ्याच्या आगेमागे निघते. तूर जानेवारीपर्यंत शेतात उभी असते. रब्बीत ज्वारी आणि हरभरा, आणि पाणी असेल तिथे वर्षभर ऊस. मोठी खरेदी वर्षातून तीन-चार वेळा. ‘महिन्यातून किमान एकदा ॲप उघडणारा तो आपला’ ही शहरी मोजपट्टी इथे लावली तर अख्खे गाव गळालेले दिसेल. मधल्या महिन्यांत हा शेतकरी बाजारभाव बघतो, पावसाचा अंदाज बघतो, शेंगांवर अळी दिसली की कुणाला तरी विचारतो. त्या वेळी जे ॲप उघडले जाईल, त्यावरच पुढच्या जूनमध्ये बियाणे घेतले जाण्याची शक्यता.

यात एक गोम आहे. सल्ला देणारा आणि औषध विकणारा एकच असेल, तर एका फवारणीच्या जागी दोन सांगण्याचा मोह होणारच. पुण्याच्याच ‘भारतॲग्री’ने आधी सल्ल्याचे वेगळे पैसे घेतले आणि नंतर मालही विकायला घेतला. सल्ल्याचे पैसे देणे शेतकऱ्याला जड जाते आणि फुकट सल्ल्यावर त्याला शंका येते. या पेचाला सोपे उत्तर नाही. पण ‘यंदा फवारणीची गरज नाही’ असे एकदा तरी सांगणारे ॲप फोनमधून काढून टाकायला कुणाचाही हात धजावणार नाही.

उधारीचे मात्र ॲपला अजून जमलेले नाही. वहीत नाव मांडताना दुकानदार गिऱ्हाइकाच्या बापाला ओळखतो, रान किती ते जाणतो, मागच्या हंगामात पैसे कधी आले तेही त्याच्या ध्यानात असते.

शहरी उदाहरण हवे तर तेही पुण्याचेच. 2010 मध्ये सुपम माहेश्वरी आणि अमिताव साहा यांनी सुरू केलेल्या ‘फर्स्टक्राय’ने प्रसूतिगृहांतून नव्या आयांना भेटीच्या पेट्या वाटल्या. मूल जन्मले त्याच दिवशी दुकानाची ओळख झाली. पुढे जन्मतारखेवरून लसीकरणाचे वेळापत्रक आणि वाढीच्या नोंदी ॲपमध्ये आल्या. लंगोटाची गरज संपली की पहिल्या चपलांची सुरू होते, हे दुकानाला आधीच माहीत. गिऱ्हाईक मोठे होऊन निसटणार हेही माहीत, म्हणून नव्या जन्मांच्या दारात दुकान पुन्हा उभे राहते. आणि मराठी पुस्तके विकणाऱ्या ‘बुकगंगा’च्या ॲपमध्ये विकत घेतलेले ई-पुस्तक तिथेच वाचायचे असते, तेव्हा वाचक आपणहून परत येतो.

भाषेचा मुद्दा मुरुमला फार जवळून कळावा. हद्दीपलीकडे कर्नाटकातले आळंद. तिथल्या गिऱ्हाइकासाठी ॲमेझॉनवर कन्नड सप्टेंबर 2020 मध्ये आली. मराठी आली ती सप्टेंबर 2021 मध्ये, पूर्ण एक वर्षाने, तीही मधल्या काळात महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे आंदोलन, कार्यालयांची तोडफोड आणि न्यायालयाची नोटीस असे सगळे होऊन गेल्यावर. तोडफोडीचे समर्थन कुणी करू नये. पण कोट्यवधी मराठी गिऱ्हाइकांना त्यांच्या भाषेत माल दाखवायला आंदोलन लागावे, हा व्यापारी बुद्धीचा नमुना म्हणता येत नाही. आणि मराठी म्हणजे यंत्राने ओतलेली मराठीही नव्हे. ‘परत करणे सुरू करा’ असल्या बटणापुढे माणूस अडखळतो आणि घरातल्या पोराला हाक मारतो.

आता ते नोटिफिकेशन. अँड्रॉइड 13 पासून, म्हणजे 2022 पासून, नव्या ॲपला सूचना पाठवण्याआधी परवानगी मागावी लागते. ‘नको’ म्हटले की दार बंद. सरकारनेही यात लक्ष घातले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी फसव्या मांडणीचे तेरा प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. खोटी घाई करणे, गिऱ्हाइकाच्या टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणे, सदस्यत्वातून बाहेर पडण्याची वाट लपवणे, आणि हो, सतत भुणभुण करणेही त्यात आहे. ‘शेवटचे दोन नग उरले’ असे रोज सांगणाऱ्यांनी ही यादी वाचलेली दिसत नाही.

परत येणारे गिऱ्हाईक बहुतेकदा तक्रारीच्या वेळी घडते किंवा बिघडते. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. कायद्याची ही किमान पायरी झाली. मुरुममध्ये बसलेल्या माणसाला चुकीच्या मापाचा बूट परत घ्यायला कुणी येणार की नाही, पैसे कधी येणार, हे फोनवर जिवंत माणसाने सांगितले तर तो पुन्हा मागवील. यंत्राने ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ एवढेच ऐकवले, तर तो गावातल्या चप्पलवाल्याकडे जाईल, आणि बरोबरच करील.

त्यामुळे मुरुम, उमरगा, लोहारा भागातल्या दुकानदाराला कुणी स्वतःच्या ॲपचे स्वप्न विकत असेल, तर त्याने आधी आपली वही उघडून वर्षातून चारदा येणारी नावे मोजावीत. ती काही शेकड्यांत असतील तर व्हॉट्सॲप बिझनेस पुरेसे आहे. ते फुकट आहे आणि गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप आधीपासून आहेच. ॲपवर जाणारा पैसा त्याने फोन उचलणाऱ्या आणि परत आलेला माल बदलून देणाऱ्या एका माणसाच्या पगारावर घालावा.