शाल नको, एक प्रकरण वाचा

आपल्याकडे पुस्तकाचं प्रकाशन म्हणजे पुस्तकाबद्दल बोलण्याचा समारंभ. प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, फीत सोडणं, फोटो. मग प्रमुख पाहुण्यांचं भाषण. पुस्तक 'वरवर चाळलंय' हे ते स्वतःच सांगून टाकतात. लेखकाच्या मनोगताला उरतात पाच मिनिटं, ती आभार मानण्यात जातात. पुस्तकातली एक ओळ कुणाच्या कानावर पडत नाही. विज्ञान कादंबरी असली तर एक भाषण जास्तीचं: विज्ञानकथा म्हणजे काय!

न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये 'केजीबी' नावाचा छोटासा बार आहे. पूर्वी तिथे युक्रेनी समाजवादी मंडळींचा अड्डा होता. 1990 च्या दशकाच्या अखेरीस टेरी बिसन आणि अॅलिस टर्नर यांनी तिथे अभिवाचनं सुरू केली. महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी फँटसी किंवा विज्ञानकथा लिहिणारे दोन लेखक येतात, आपलं लेखन वाचतात आणि संपवतात. प्रवेश फुकट. एलेन डॅटलो यांच्यासारख्या नामवंत संपादक वर्षानुवर्षं हा कार्यक्रम सांभाळत आल्या आहेत. शाल नाही, श्रीफळ नाही.

हे वाचन दिसतं तितकं सोपं नाही. ग्रामीण कथा ऐकवताना पार, सरपंच, एसटीचा थांबा हे सगळं श्रोत्याच्या डोक्यात आधीच असतं. विज्ञान कादंबरीत ग्रह नवा, कायदे नवे, माणसांची नावंही नवी. आणि ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून बघता येत नाही. लेखक समजावत बसला की सभागृहात खोकले सुरू होतात. कुठला परिच्छेद जड झालाय हे संपादकाच्या पत्राआधी त्या खोकल्यांवरून कळतं.

चार्ल्स डिकन्सला हे कळलं होतं. भुतं, भूतकाळाची फेरी, भविष्याचं दर्शन असलेली 'अ ख्रिसमस कॅरल' आज दुकानदार बिनदिक्कत फँटसीच्या फळीवर ठेवील. डिसेंबर 1853 मध्ये बर्मिंगहॅमला त्याने ती पहिल्यांदा जाहीरपणे वाचली, तेव्हा जवळजवळ तीन तास लागले. तिथलंच एक वाचन त्याने मुद्दाम कामगारांसाठी ठेवलं, तिकीट स्वस्त करून. पुढे तो आपल्याच पुस्तकावर कात्री चालवत गेला. वाचनासाठी त्याने वेगळी प्रतच केली होती, तिच्यात खाडाखोड आणि स्वतःसाठी सूचना. जे आवाजात आणि चेहऱ्यावर दाखवता येतं, ते वर्णनात कशाला? मार्च 1870 मधल्या त्याच्या निरोपाच्या वाचनातही 'कॅरल' होतीच.

फँटसी कादंबरीकार जॉर्ज मार्टिन यांची तऱ्हा निराळी. त्यांच्या मालिकेतली पाचवी कादंबरी 2011 साली आली. सहावीची वाट पाहता पाहता वाचकांचे केस पिकले. दरम्यान त्यांनी तिच्यातली प्रकरणं संमेलनांतून वाचून दाखवली, एक 2016 च्या बाल्टिकॉनमध्ये. चाहत्यांची चंगळ झाली खरी, पण मला हे लग्न लांबवून रोज केळवण जेवू घालण्यासारखं वाटतं.

कान देण्याची सवय मराठी माणसाला नवी नाही. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव कथाकथनं केली, वपुंनी सभागृहं भरवली. जयंत नारळीकरांना ऐकायलाही गर्दी होई. पण विश्वाबद्दल, फलज्योतिषाबद्दल. 'प्रेषित' या त्यांच्या विज्ञान कादंबरीतलं एखादं प्रकरण त्यांच्या तोंडून ऐकायचा योग मला कधी आला नाही, याची चुटपुट आहे. गेल्या काही वर्षांत विज्ञान कादंबऱ्या लिहिणारी नवी मंडळी आली आहेत. त्यांनाही आपण परिसंवादातच बसवतो, विषय तोच: विज्ञानसाहित्याची दशा आणि दिशा.

तेव्हा आयोजकहो, पुढच्या प्रकाशनात दोन भाषणं कापा आणि लेखकाला सलग अर्धा तास द्या. गावोगावच्या वाचनालयांना तर समारंभाचीही गरज नाही. खुर्च्या आहेत, माइक आहे, आठवड्यातली एखादी संध्याकाळ मोकळी असतेच. आणि लेखकांनो, पहिलं प्रकरण घरी मोठ्याने वाचून, छाटून या.